मनाच्या उपचारातील काटकसर आणि गावाची सुरक्षितता

या मासिकाचे वाचक बोंडअळी, खतांचे भाव, पाण्याची पाळी व बाजारातील आडत यांविषयीचे लेख वाचण्यास सरावलेले आहेत. प्रस्तुत लेखाचा विषय त्यांस प्रथमदर्शनी शेतीच्या कक्षेबाहेरचा वाटेल. मनुष्याच्या मनाचा आजार, त्यावरील सरकारी उपचारांची व्यवस्था, त्या व्यवस्थेस मिळणारा अपुरा पैसा, आणि त्या अपुरेपणामुळे गावातील जीवित व मालमत्ता यांस पोहोचणारा धोका, असा तो विषय आहे. परंतु एका गोठ्यात लाळ्या-खुरकूत शिरले असता, ‘ते त्या मालकाचे खासगी काम’ असे म्हणून आपण स्वस्थ बसत नाही; आपली जनावरे टोचून घेतो व शेजाऱ्यासही तसे करावयास लावतो. मनाचा आजार संसर्गाने पसरत नाही हे खरे. तथापि त्याची उपेक्षा केल्याने होणारे नुकसान एका घरात थांबत नाही, एवढेच या लेखात दाखवावयाचे आहे.

प्रस्तुत लेखक वैद्य नाही. त्याची सर्व हयात महसूल खात्यात कारकुनी करण्यात गेली. शेतकऱ्याने आत्महत्या केली असता तिच्या चौकशीचे कागद तयार करण्याचे काम माझ्या टेबलावर पुष्कळ वर्षे होते. मयताच्या किंवा कुटुंबीयाच्या नावे सातबारा आहे किंवा नाही, बँकेचे अथवा परवानाधारक सावकाराचे कर्ज आहे किंवा नाही, ते थकले होते किंवा नाही, वसुलीचा तगादा होता किंवा नाही, असे रकाने भरून प्रकरण वर जात असे. जिल्ह्याच्या समितीने ते पात्र ठरविल्यास वारसांस १ लाख रुपयांचे साहाय्य मिळे. त्यांपैकी ३० हजार हाती व ७० हजार ठेवीत. मयताची झोप केव्हा उडाली, त्याने अन्न केव्हा टाकले, त्यास कोणा डॉक्टरास दाखविले होते काय, हे विचारणारा रकाना माझ्यापुढे आलेल्या नमुन्यात नव्हता.

एक प्रकरण मला विसरता येत नाही. साडेचार एकर कोरडवाहू, कापूस व तूर, दोन मुली, असे ते घर होते. चौकशीच्या वेळी मयताची पत्नी म्हणाली, “भाऊसाहेब, घेणं तर सगळ्यांच्याच मागं आहे. यांची झोप दिवाळीपासनं गेली होती. मध्यानरात्री उठून बांधानं फिरायचे.” पुढे तिने सांगितले ते असे. प्रथम देवऋषी झाला. नंतर एका शहाण्या नातलगाच्या सांगण्यावरून ती पतीस सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. मनाचे डॉक्टर जिल्ह्याहून महिन्यातून एकदा येत. त्यांनी तपासून गोळ्या दिल्या व पुन्हा येण्यास सांगितले. गोळ्यांनी झोप येऊ लागली, माणूस दोन घास खाऊ लागला. दुसऱ्या खेपेस गेल्यावर कळले की डॉक्टरांची बदली झाली असून जागा भरावयाची आहे. तिसऱ्या खेपेस गोळ्या शिल्लक नव्हत्या. खासगी डॉक्टर जिल्ह्याच्या ठिकाणी. तेथे जावयाचे म्हणजे दोघांचे गाडीभाडे, फी आणि ऐन वेचणीतली दिवसाची बुडती मजुरी. गोळ्या बंद झाल्या, आणि दीड महिन्याने आम्ही पंचनामा घेऊन त्या दारात उभे राहिलो.

कर्ज हातउसने होते, त्याची कोठे नोंद नव्हती. सबब प्रकरण अपात्र ठरले. नियमाप्रमाणे ते चूक नव्हते. परंतु त्या बाईचे झोपेविषयीचे वाक्य मी कागदावर घेतले नाही, कारण त्यास रकाना नव्हता. हा लेख लिहिण्याचे खरे कारण ते न लिहिलेले वाक्य होय.

धोका कोणास व कोणापासून

‘वेडा मनुष्य’ म्हटले की आपल्या मनात प्रथम भीती येते. तो दगड मारील, आग लावील, मुलांस इजा करील, असे आपण समजतो. या समजुतीत खऱ्याचा अंश थोडा व खोट्याचा फार आहे. निरनिराळ्या देशांत झालेल्या पाहण्यांवरून असे दिसते की मनाचा आजार असलेल्यांपैकी बहुतेक माणसे कोणासही इजा करीत नाहीत; समाजात घडणाऱ्या मारामाऱ्या व खून यांतील फारच लहान हिस्सा त्यांच्याकडून घडतो. उलट तीच माणसे मारली जातात, लुबाडली जातात व घराबाहेर काढली जातात. ज्याचे मन आजारी त्याचा सर्वांत मोठा धोका त्याच्या स्वतःच्याच जिवास असतो.

आता खऱ्याचा अंश कोणता तोही सांगितला पाहिजे. काही तीव्र विकारांत मनुष्यास नसलेले आवाज ऐकू येतात, कोणी आपणास विष घालीत आहे असा पक्का भ्रम होतो. असा विकार उपचाराविना वाढू दिला, आणि त्यास दारूची जोड मिळाली, तर कधी कधी अनर्थ ओढवतो. येथे लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की हा धोका बहुतांशी उपचार न मिळाल्याच्या काळातला असतो. अनेक देशांतील नोंदी एकत्र करून २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अशा रुग्णांच्या हातून मनुष्यहत्या घडण्याचे वार्षिक प्रमाण पहिला उपचार सुरू होण्यापूर्वी जे होते ते उपचारानंतरच्या प्रमाणाच्या सुमारे पंधरापट आढळले. दोन्ही काळांत ते प्रमाण अल्पच होते. परंतु पंधरापटीचा फरक औषधाने व देखरेखीने पडतो, हे ध्यानात घ्यावे.

याचे उदाहरण माझ्याच तालुक्यात घडले. एका चांगल्या बागाईतदाराचा धाकटा मुलगा, वय पंचविशीचे, शेजारी आपल्या विहिरीत विष टाकतो असे म्हणू लागला. उपचाराने तो सुधारला व पुढील दोन हंगाम वडिलांबरोबर औत हाकीत होता. मग औषध मिळण्यात खंड पडू लागला. सरकारी दवाखान्यात कधी एक गोळी असे तर दुसरी नसे. मुलगा बरा दिसतो म्हणून घरच्यांनीही नेट लावला नाही. कार्तिकातील एका रात्री त्याने शेजाऱ्याची सहा एकरांतील सोयाबीनची गंजी पेटवून दिली. लोकांनी त्यास धरून मारले, खांबास बांधले व सकाळी पोलिसांच्या स्वाधीन केले. पुढे कित्येक महिने तो कच्च्या कैदेत होता.

या एका आगीचा हिशेब कारकुनाच्या रीतीने मांडून पाहावा. शेजाऱ्याचे वर्षाचे पीक गेले. बापाने वकिलासाठी एक एकर गहाण टाकले. पोलिसांचे दिवस गेले, न्यायालयाच्या तारखा गेल्या, तुरुंगात त्याचे खाणे व पहारा यांचा खर्च पडला, आणि शेवटी तेथील डॉक्टरांकडून त्यास तेच औषध सुरू करावे लागले जे दवाखान्यात संपले होते. औषधाचा दिवसाचा खर्च काही थोडे रुपये होता. सरकारी जमाखर्चात आरोग्य खात्याकडे ती बचत म्हणून दिसली असेल. परंतु तिचा खर्च दुसऱ्या चार खात्यांवर व दोन कुटुंबांवर पडला. बांधबंदिस्तीचे पैसे वाचवावे व पहिल्याच मोठ्या पावसात माती वाहून जावी, तशी ही काटकसर आहे.

आकडे काय सांगतात

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केली. त्यांत शेतीवर उपजीविका करणारे ११,२९० होते. पैकी ५,२०७ शेतकरी व ६,०८३ शेतमजूर. या शेतीक्षेत्रातील मृत्यूंपैकी शंभरात सदतीसहून अधिक एकट्या महाराष्ट्रातले होते. कर्ज, नापिकी व भाव यांचा यात मोठा हात आहे, याविषयी कोणास शंका नाही. परंतु एकाच गावात, तेवढेच कर्ज व तीच नापिकी असता, एक मनुष्य तग धरतो व दुसरा धरीत नाही. त्या दुसऱ्याच्या मनात आजार शिरला होता किंवा काय, हे पाहणारा कोणी तेथे असतो काय, हा आपला प्रश्न आहे. कर्जाचा प्रश्न झाकण्यासाठी मनाचा प्रश्न पुढे करणे जितके अन्यायाचे, तितकेच कर्जाचे नाव घेऊन मनाचा आजार झाकणेही अन्यायाचे होय.

बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ साली १२ राज्यांत मनाच्या आरोग्याची पाहणी केली. तीत प्रौढांपैकी शंभरात सुमारे दहा जणांस कोणता ना कोणता मनोविकार त्या वेळी असल्याचे दिसले. आणि ज्यांस उपचार हवा त्यांपैकी, विकाराच्या प्रकारानुसार, ७० ते ९२ टक्के लोकांस तो मिळतच नव्हता. दहा एकरांपैकी आठ-नऊ एकरांवर रोग पडला असून फवारणी एखाद्याच एकरावर व्हावी, असे हे चित्र आहे.

पैशाचे मान पाहावे तर २०२३-२४ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात आरोग्य खात्यास सुमारे ८९ हजार कोटी रुपये दाखविले होते. त्यांत मनाच्या आरोग्यासाठी म्हणून निराळी दिसणारी रक्कम एक हजार कोटींच्या आत होती, म्हणजे रुपयात जेमतेम एक पैसा. त्या पैशातीलही तीनचतुर्थांशाहून अधिक भाग बंगळूरच्या त्या एका मोठ्या संस्थेकडे जातो. ती संस्था उत्तम आहे व तिला पैसा मिळणे योग्यच आहे; परंतु तालुक्याच्या दवाखान्यातील गोळी त्यातून येत नाही. जिल्ह्याजिल्ह्यांचे काम इतर अनेक रोगांच्या एकत्रित निधीतून चालते, आणि अशा सामाईक पंक्तीत जो मागत नाही त्याच्या पानावर शेवटी वाढले जाते. मनोरुग्ण मागत नाही. त्याचे घरचे लोक लाजेने मागत नाहीत.

कागदावरील योजना व गावातील अनुभव

योजना नाहीत असे मात्र नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ साली सुरू झाला. कर्नाटकातील बळ्ळारी जिल्ह्यात केलेल्या प्रयोगावरून जिल्हा कार्यक्रम १९९६ पासून आखण्यात आला. त्याचे मूळ तत्त्व फार शहाणपणाचे आहे: मोठ्या इस्पितळात माणसे कोंडण्यापेक्षा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरास व कर्मचाऱ्यास शिकवावे, नेहमीची औषधे तेथेच ठेवावी व अवघड रुग्ण तेवढा जिल्ह्यास पाठवावा. आपल्या राज्यात २०१५ साली विदर्भ व मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांसाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू झाला. त्यात आशा कार्यकर्तीने घरोघर जाऊन काही ठराविक प्रश्न विचारावे व खचलेल्या माणसास डॉक्टरांकडे पोहोचवावे, अशी योजना होती. राज्यातील जुनी चार सरकारी मनोरुग्णालये येरवडा, ठाणे, रत्नागिरी व नागपूर येथे आहेत. या चारांपैकी एकही मराठवाड्यात नाही, हे वाचकांच्या ध्यानात येईलच.

मग अडते कोठे? अपुरा पैसा हा एकदम अनर्थ करीत नाही; तो पायरीपायरीने करतो. प्रथम डॉक्टराची जागा रिकामी राहते, किंवा तुटपुंज्या कराराच्या वेतनावर कोणी टिकत नाही. देशात लाख लोकसंख्येमागे पुरता एकही मनोविकारतज्ज्ञ नाही, आणि जे आहेत ते बहुतेक शहरांत. जागा रिकामी म्हणून रोजचा दवाखाना आठवड्याचा होतो, आठवड्याचा महिन्याचा होतो. त्यानंतर औषधांच्या मागणीपत्रात मनाच्या गोळ्या शेवटी राहतात व प्रथम संपतात. औषध तुटले की दबलेला विकार उसळतो. मग कुटुंब थकते व माणसास साखळीने बांधते, किंवा एखाद्या देवस्थानापाशी सोडून येते. यानंतरच्या पायरीवर पोलीस, स्मशान अथवा तुरुंग असतो.

साखळीचा शेवट कोठे होतो हे ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे दिसले. तेथील दर्ग्याच्या आश्रयाने चालणाऱ्या एका खासगी निवाऱ्यात पहाटे आग लागली. आतील मनोरुग्ण साखळ्यांनी जखडलेले होते. त्यांस पळता आले नाही, आणि २८ जण मृत्युमुखी पडले. त्यांच्या घरच्या लोकांनी त्यांस दुष्टपणाने तेथे टाकले असे म्हणता येत नाही. जवळ उपचाराची सोय नसल्याने ते श्रद्धेच्या आधाराने तेथे गेले होते. सर्वोच्च न्यायालयाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनोरुग्णास कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास मनाई केली.

अशी काटकसर श्रीमंत देशांनीही करून पाहिली आहे. अमेरिकेत १९५५ साली सरकारी मनोरुग्णालयांत सुमारे साडेपाच लाख माणसे होती. ती कोंडवाड्यासारखी इस्पितळे कमी करून गावोगावी उपचारकेंद्रे काढावी, या हेतूने १९६३ साली राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी एका कायद्यावर सही केली. हेतू चांगला होता. इस्पितळे रिकामी झाली. १९९४ पर्यंत तेथील रुग्णसंख्या पाऊण लाखाच्या आत आली. परंतु योजलेल्या सुमारे दीड हजार केंद्रांपैकी निम्म्याच्या आसपासच उभी राहिली. जुने पीक काढून टाकले व नवे पेरलेच नाही. परिणामी पुष्कळ रुग्ण रस्त्यावर आले, आणि शिकागो व लॉस एंजेलिस येथील तुरुंगांत आज एवढे मनोरुग्ण असतात की त्यांसच देशातील मोठी मनोरुग्णालये म्हटले जाते.

जवळचे चांगले उदाहरण

हे सर्व वाचून निराश होण्याचे कारण नाही. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ या नावाने एक प्रकल्प चालविला गेला. त्याचा अहवाल २०१७ साली प्रसिद्ध झाला. गावातीलच कार्यकर्त्यांस शिकवून त्यांच्याकरवी लोकांशी बोलणे, खचलेल्या माणसास समुपदेशन देणे व गरज असल्यास डॉक्टरांपर्यंत नेणे, एवढेच त्याचे स्वरूप होते. आरंभी औदासीन्याच्या आजाराने, ज्यास डॉक्टर डिप्रेशन म्हणतात, ग्रस्त असलेल्यांपैकी शंभरात अवघे चार जण मदत घेत. दीड वर्षानंतर सत्तावीस जण घेऊ लागले. आत्महत्येचे विचार मनात येणाऱ्यांचे प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले. तुलनेसाठी निराळी गावे त्यात घेतलेली नव्हती, म्हणून सगळे श्रेय त्या कामास देता येणार नाही. परंतु योग्य माणूस दारापर्यंत आला असता आपले लोक बोलतात व उपचार घेतात, हे त्यावरून निश्चित ठरले. ‘शेतकरी मनाचे दुखणे कबूलच करीत नाही’ ही सबब त्यामुळे निकालात निघते.

रस्त्यावर हिंडणाऱ्या निराधार मनोरुग्णांविषयीही असेच. डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा ही संस्था रायगड जिल्ह्यातील कर्जत येथे अशा माणसांवर उपचार करून त्यांस दूरदूरच्या आपापल्या गावी पोहोचविते. या कामाबद्दल त्यांस २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्यास आपण भ्रमिष्ट म्हणून हाकलतो त्यास पुष्कळदा औषधाने आपले नाव, गाव व घर आठवते, हे या कामाने सिद्ध केले.

विषारी औषधांविषयी थोडेसे

शेतकऱ्याच्या घरात एक धोका असा असतो जो कारकुनाच्या वा शिक्षकाच्या घरात नसतो. तो म्हणजे पिकावर मारावयाचे जहाल औषध. मनाचा कडेलोट पुष्कळदा घटका-दोन घटकांचा असतो. ती वेळ टळली तर मनुष्य वाचतो व पुढे वर्षानुवर्षे जगतो. परंतु त्या घटकेस जहाल वस्तू हाताशी असली तर वेळ टळत नाही. श्रीलंकेने १९८४ पासून एकेक करून अतिजहाल कीटकनाशके बंद केली; १९९५ पर्यंत पहिल्या वर्गातील सर्व औषधे, १९९८ साली एन्डोसल्फान, व पुढे आणखी काही. तेथील आत्महत्यांचे प्रमाण १९९५ नंतरच्या वीस वर्षांत सुमारे ७० टक्क्यांनी उतरले, आणि या बंदीमुळे पिकाच्या उत्पन्नात घट झाल्याचे आढळले नाही. त्याच देशात घरोघर कुलपाच्या पेट्या वाटून पाहिल्या असता मात्र उपयोग दिसला नाही. तात्पर्य, कुलूप लावून घरात ठेवण्यापेक्षा जहाल औषध घरात न ठेवणेच बरे. लागेल तेवढेच आणावे, उरलेले साठवू नये, आणि कमी जहाल पर्याय असल्यास तो घ्यावा.

आपण काय करावे

सरकारने पैसा वाढवावा हे तर खरेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने २०१६ साली झालेल्या एका हिशेबात औदासीन्य व चिंतारोग यांच्या उपचारावर घातलेला एक रुपया आरोग्य व कामाची ताकद यांच्या रूपाने चार रुपये होऊन परत येतो असे निघाले. एवढी प्राप्ती देणारे पीक शेतकऱ्याने सोडले नसते. परंतु मागितल्यावाचून पैसा येत नाही, आणि मागणे आपल्या हाती आहे. त्यासाठी पुढील गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

१. लक्षणे ओळखावी. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडणे, अन्नावरची वासना जाणे, कामात लक्ष न लागणे, ‘मी गेलेला बरा’ असे बोलणे, देणीघेणी व निरवानिरव एकाएकी उरकणे, नसलेले आवाज ऐकू येणे, अकारण संशय घेणे, यांपैकी काही दिसल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा जिल्हा रुग्णालयाच्या मानसिक आरोग्य विभागात न्यावे. ‘तुझ्या मनात जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार येतो काय’ असे सरळ विचारण्यास भिऊ नये. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही. उलट मन मोकळे होते. अशा माणसास त्या दिवसांत एकटे सोडू नये.

२. १४४१६ हा क्रमांक घरोघर लिहून ठेवावा. ‘टेली-मानस’ नावाची ही विनामूल्य सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असून तीवर रात्रंदिवस आपल्या भाषेत बोलता येते.

३. औषध मध्येच थांबवू नये. मनुष्य बरा दिसतो तो औषधामुळे दिसतो. डॉक्टर सांगतील तेव्हाच व तसेच ते कमी करावे.

४. कायद्याची भीती बाळगू नये. जिवावर उदार झालेल्या माणसास दवाखान्यात नेल्यास पोलीस खटला भरतील म्हणून लोक लपवालपवी करीत. २०१७ च्या कायद्याने अशा मनुष्यास तीव्र मानसिक ताणाखाली असल्याचे मानून शिक्षेऐवजी उपचार देण्याचे ठरविले. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने ३०९ कलम राहिलेलेच नाही.

५. भटकणारा मनोरुग्ण गावात आल्यास त्यास मारू नये, बांधू नये, पुढच्या गावाच्या हद्दीत हाकलू नये. पोलीस पाटलामार्फत ठाण्यास कळवावे. त्यास संरक्षणाखाली घेऊन चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्यसंस्थेत नेणे हे ठाणे अंमलदाराचे कर्तव्य त्याच कायद्याच्या १०० व्या कलमाने ठरविले आहे. त्यास कोठडीत ठेवता येत नाही.

६. ग्रामसभेत व रुग्ण कल्याण समितीत दर तिमाहीस तीन प्रश्न लेखी विचारावे: मनाचे डॉक्टर या तीन महिन्यांत किती वेळा आले, मनाच्या कोणत्या गोळ्या किती दिवस संपलेल्या होत्या, आणि ठरलेल्या तारखेस न आलेल्या रुग्णाच्या घरी कोण जाऊन आले. लेखी प्रश्नास लेखी उत्तर द्यावे लागते. ज्या गोष्टीची तोंडी तक्रार होते ती विरून जाते, आणि ज्या गोष्टीस जावक क्रमांक पडतो तिचे उत्तर कोणास तरी शोधावे लागते, एवढे मी तीस वर्षांच्या नोकरीवरून खात्रीने सांगू शकतो.

७. कोणाच्या घरी असा आजार असल्यास त्याची चेष्टा करू नये. मधुमेहाची गोळी आपण चारचौघांत घेतो; मनाची गोळी लपून घ्यावी लागते तोवर तिच्यासाठी कोणी मागणी करणार नाही, आणि मागणी नाही तोवर पुरवठाही होणार नाही.

वाचकांपैकी कोणी म्हणतील की आधी भाव द्या, पाणी द्या, मग मनाचे पाहू. त्यांचा आग्रह रास्त आहे, आणि भाव व पाणी यांची मागणी एक तसूभरही मागे घेऊ नये. परंतु भाव येईपर्यंत मनुष्य शिल्लक राहिला पाहिजे. ज्या घराची हकिकत मी आरंभी सांगितली, त्या घरच्या कापसास पुढील वर्षी बरा भाव मिळाला. वेचणीस त्या माउलीबरोबर तिच्या दोन मुली होत्या.